पाचपैकी तीन गुणांवर औषध पास करू नका : औषधसूची समितीला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
औषधसूची समिती

(रुग्णालयाचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. पत्र कोणाला आहे ते आपल्याला पहिल्या परिच्छेदातच कळेल. ठाणे-नवी मुंबईतल्या आणखी दोन-चार समित्यांना ते आपल्यालाच लिहिलेय असे वाटले, तर आमची हरकत नाही.)

सप्रेम नमस्कार.

आपले गेल्या महिन्यातले परिपत्रक आम्ही वाचले. नवे औषध रुग्णालयाच्या यादीत घ्यायचे तर त्यामागच्या क्लिनिकल ट्रायलचा, म्हणजे रुग्णांवर घेतलेल्या चाचणीचा, दर्जा यापुढे एकपानी फॉर्मवर मोजला जाईल. एकूण गुण पाच. तीन किंवा जास्त मिळाले की फाइल पुढे सरकेल, कमी मिळाले की परत जाईल. फॉर्म पुरवठादार कंपनीने भरून दिला तरी चालेल, समिती सही करेल. आणि आजवर दोन जण मूळ लेख वेगवेगळे वाचून जो तपासणी अहवाल लिहीत होते, तो ‘वेळेअभावी’ बंद.

आम्ही कळव्यापासून खारघरपर्यंतच्या रुग्णालयांत आणि महाविद्यालयांत काम करणारे फार्माकोलॉजिस्ट, संख्याशास्त्रज्ञ, क्लिनिकल फार्मासिस्ट आणि ट्रायल को-ऑर्डिनेटर आहोत. आपल्या यादीत आलेले औषध वॉर्डात आमच्या हातून जाते, त्याच्या दुष्परिणामांची नोंद आम्ही करतो, आणि आमच्या घरची माणसेही याच ओपीडींमध्ये केसपेपर काढून रांगेत बसतात. तेव्हा हा निर्णय आपल्या बैठकीच्या खोलीपुरता आहे असे आम्हाला मानता येत नाही.

फॉर्मवर मूळ पट्टीचे नाव नाही, पण प्रश्न वाचताच ओळख पटते. १९९६ साली ऑक्सफर्डमध्ये अलेहांद्रो जदाद आणि सहकाऱ्यांनी वेदनाशामक उपचारांच्या चाचण्यांसाठी तयार केलेली ही जदाद पट्टी. चाचणी रॅण्डमाइज्ड होती, म्हणजे कोणाला कोणते औषध हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरले, असे लेखात म्हटले आहे? एक गुण. डबल ब्लाइंड होती, म्हणजे कोणाला काय मिळतेय ते रुग्णालाही आणि डॉक्टरलाही ठाऊक नव्हते, असे म्हटले आहे? एक गुण. मध्येच सोडून गेलेल्यांची संख्या आणि कारणे दिली आहेत? एक गुण. रॅण्डमायझेशनची पद्धत सांगितली असून ती योग्य असेल तर आणखी एक, चुकीची असेल तर एक वजा. ब्लाइंडिंगलाही तोच नियम. झाले पाच. भरायला तीन-चार मिनिटे लागतात, आणि आम्हाला वाटते तिची लोकप्रियता मुख्यतः याच कारणाने टिकली.

त्या काळी ती उपयोगाची होती, कारण लेखांत एवढेही लिहिलेले नसायचे. पण ती मोजते ते लेखात काय लिहिले आहे ते. चाचणी कशी झाली ते नव्हे. ‘धिस वॉज अ रॅण्डमाइज्ड, डबल ब्लाइंड स्टडी’ एवढ्या एका वाक्यावर दोन गुण मिळतात, आणि ‘पाच रुग्ण गाव बदलल्यामुळे आले नाहीत, प्रत्येक गटात इतके’ यावर तिसरा. पास. क्रम कसा काढला, गोळ्या एकसारख्या कोणी बनवल्या, कोणापासून काय लपवले, यातले काहीही न सांगता पास.

आता आमच्या तक्रारी. सर्वांत मोठी आधी.

रॅण्डमायझेशनची दोन कामे असतात आणि आपल्या फॉर्मला त्यातले एकच ठाऊक आहे. पहिले, क्रम तयार करणे : संगणकावरून किंवा रॅण्डम आकड्यांच्या तक्त्यावरून कोणाला नवे औषध आणि कोणाला जुने याची यादी काढणे. दुसरे, ती यादी रुग्ण भरती करणाऱ्या डॉक्टरच्या नजरेस पडू न देणे. पहिले काम कितीही चोख झाले आणि यादी ओपीडीतल्या टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवली, तर सगळे मुसळ केरात. पुढचा क्रमांक नव्या औषधाचा आहे हे डॉक्टरला आधी कळले, की समोरच्या दम लागलेल्या, किडनीचा त्रास असलेल्या आजोबांना ‘आज नको, पुढच्या बुधवारी या’ असे सांगितले जाते आणि त्यांच्या मागे बसलेला धडधाकट माणूस चाचणीत येतो. यात लबाडी असतेच असे नाही. बरेचदा डॉक्टर त्या आजोबांच्या काळजीनेच तसे करतो. पण दोन्ही गट तिथेच वेगवेगळे झाले आणि पुढचे सगळे गणित त्या फरकावर उभे राहिले.

ही लपवाछपवी नीट करायला किती खटाटोप लागतो ते एकदा जवळून पाहावे. लिफाफ्याची पद्धत घ्या. लिफाफा जाड आणि अपारदर्शक हवा. स्टेशनरीच्या दुकानातले साधे पांढरे पाकीट ट्यूबलाइटसमोर धरले की आतले अक्षर दिसते, म्हणून चिठ्ठीभोवती अ‍ॅल्युमिनियम फॉइलची घडी घालतात. चिठ्ठीवर कार्बन पेपर ठेवतात, म्हणजे उघडण्याआधी लिफाफ्यावर लिहिलेले रुग्णाचे नाव आणि तारीख आत चिठ्ठीवर उमटते, आणि लिफाफा आधी उघडून मग सोयीचा रुग्ण शोधण्याची वाट बंद होते. लिफाफ्यांवर ओळीने क्रमांक, चिकटवलेल्या कडेवर सही. आणि भरती संपल्यावर न उघडलेले लिफाफे मोजून हिशेब. यातली एकही कडी सुटली तर आम्हाला काय सापडते? १४ नंबरचा लिफाफा १२ च्या आधी उघडलेला. दोन लिफाफ्यांवर नावे वेगळ्या शाईने, मागाहून टाकलेली. किंवा सगळे लिफाफे ठाकठीक, पण ब्लॉक चारचा.

चारचा ब्लॉक म्हणजे प्रत्येक चार रुग्णांत दोन नव्या औषधाचे, दोन जुन्याचे. चाचणी उघड असेल, म्हणजे कोणाला काय मिळतेय ते सर्वांना दिसत असेल, तर पहिले तीन कुठे गेले हे माहीत असलेल्या डॉक्टरला चौथा कुठे जाणार हे दर वेळी माहीत असते. पहिले दोन एकाच गटात गेले तर उरलेले दोन्ही माहीत. उपाय सोपा आहे : ब्लॉकचे आकार ४, ६, ८ असे बदलते ठेवायचे, आणि ते आकार भरती करणाऱ्याला सांगायचे नाहीत. त्याहून चांगले, फोनवर किंवा वेबवर मध्यवर्ती व्यवस्था, जिथे रुग्णाची नोंद पक्की झाल्याशिवाय गट सांगितला जात नाही.

हे काही नवे शास्त्र नाही. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या स्ट्रेप्टोमायसिन चाचणीत लिफाफ्यांवर फक्त रुग्णालयाचे नाव आणि क्रमांक होता, आतला क्रम चाचणी करणाऱ्यांना ठाऊक नव्हता. १९९५ साली केनेथ शुल्झ आणि सहकाऱ्यांनी ३३ मेटा-अ‍ॅनालिसिसमधल्या, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणांतल्या, २५० चाचण्या तपासल्या. जिथे क्रम लपवण्याची व्यवस्था कुचकामी होती, तिथे उपचाराचा फायदा ऑड्स रेशोच्या (दोन गटांतल्या शक्यतांच्या गुणोत्तराच्या) हिशेबाने सरासरी ४१ टक्के फुगलेला निघाला. जिथे ती व्यवस्था सांगितलेलीच नव्हती, तिथे ३० टक्के. डबल ब्लाइंड नसलेल्या चाचण्यांत हाच फुगवटा १७ टक्के होता. म्हणजे क्रम लपवणे ही ब्लाइंडिंगपेक्षा मोठी बाब ठरली. आपल्या फॉर्मवर ब्लाइंडिंगला पाचपैकी दोन गुण आहेत. क्रम लपवण्याचा प्रश्नच नाही.

दुसरी तक्रार सोडून गेलेल्यांच्या गुणाबद्दल. आपला फॉर्म विचारतो, संख्या आणि कारणे लिहिली का. निम्मे रुग्ण पळून गेले आणि तसे प्रामाणिकपणे लिहिले, तरी गुण पूर्ण.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा प्रत्येक गटात ६० रुग्ण. नव्या औषधाने मळमळ होते म्हणून त्या गटातले १२ जण सोडून गेले, उरलेल्या ४८ पैकी ३६ बरे झाले. लेखात येईल ७५ टक्के. जुन्या औषधाच्या गटातले दोनच गेले, ५८ पैकी ३५ बरे झाले, म्हणजे ६० टक्के. पंधरा टक्क्यांचा घसघशीत फरक, कंपनीच्या चकचकीत घडीपत्रकावर शोभेल असा. आता ज्याला ज्या गटात टाकले त्याला तिथेच मोजा आणि गेलेल्यांना बरे न झालेले धरा : ३६ भागिले ६०, म्हणजे ६० टक्के. ३५ भागिले ६०, म्हणजे ५८ टक्के. फरक विरघळला. गेलेले सगळे बरे झाले नाहीत असे धरणेही अंदाजच आहे, ते आम्हाला मान्य आहे. म्हणून तर वेगवेगळी गृहीतके धरून उत्तर किती हलते ते पाहावे लागते. इथे ते पूर्ण हलते, म्हणजे त्या ७५ टक्क्यांवर भिस्त ठेवता येत नाही.

‘ज्यांनी औषध नीट घेतले त्यांचाच हिशेब करू, ते जास्त न्याय्य’ हा युक्तिवाद आपल्या बैठकांत वारंवार होतो. त्याला अमेरिकेतल्या कोरोनरी ड्रग प्रोजेक्टने १९८० सालीच उत्तर देऊन ठेवले आहे. क्लोफायब्रेट हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध नीट घेणाऱ्यांत पाच वर्षांतला मृत्यूदर १५.० टक्के, नीट न घेणाऱ्यांत २४.६ टक्के. औषध किती गुणकारी, असे वाटते ना? मग प्लासिबोचे आकडे पाहा. प्लासिबो नीट घेणारे : १५.१ टक्के. नीट न घेणारे : २८.३ टक्के. औषध नसलेली गोळीही नियमाने घेणारा माणूस जास्त जगला, कारण नियमाने गोळी घेणारा माणूसच बाकी बाबतींतही वेगळा असतो. नीट घेणारे निवडले की रॅण्डमायझेशनने केलेली बरोबरी आपण आपल्या हाताने मोडतो.

तिसरी तक्रार ब्लाइंडिंगची, आणि इथे फॉर्म उलट्या बाजूने चुकतो. कोविडकाळातली ब्रिटनची रिकव्हरी चाचणी आठवा. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देणे आणि न देणे यांच्या तुलनेत ६,४२५ रुग्ण, २८ दिवसांतला मृत्यूदर २२.९ विरुद्ध २५.७ टक्के, आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २९.३ विरुद्ध ४१.४. आपल्या सगळ्या आयसीयूंनी या निकालावर उपचार बदलले. ती उघड चाचणी होती, म्हणून आपल्या फॉर्मवर तिला फार तर तीन गुण. वर सांगितलेल्या, नुसती वाक्ये लिहून पास झालेल्या चाचणीलाही तीनच. आपल्या आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची), कोविडमधून बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा देण्याची चाचणीही उघड होती : ३९ रुग्णालये, ४६४ रुग्ण, आजार बळावणे किंवा मृत्यू हे दोन्ही मिळून १९ विरुद्ध १८ टक्के, म्हणजे प्लाझ्माचा उपयोग दिसला नाही. प्लाझ्मासाठी दाते शोधत लोक वणवण फिरत असताना आलेला तो निकाल होता.

मृत्यू मोजायला डॉक्टरची आंधळी कोशिंबीर लागत नाही. गुडघ्याचे दुखणे शून्य ते दहापैकी किती, हे मोजायला मात्र नक्की लागते. २००८ साली १,३४६ चाचण्यांवर झालेल्या अभ्यासात हेच दिसले की ब्लाइंडिंग नसल्याचा परिणाम दुखणे, बरे वाटणे यांसारख्या निकषांत फुगतो आणि मृत्यूसारख्या निकषात जवळपास दिसत नाही. म्हणून एका चाचणीला एकच शेरा देता येत नाही. त्याच लेखातला मृत्यूचा निकाल विश्वासार्ह आणि वेदनेचा निकाल संशयास्पद असू शकतो. आणि ‘डबल ब्लाइंड’ लिहिलेल्या ठिकाणीही विचारावे लागते की गुपित टिकले का. रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते, लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळा होतो, मेट्रोनिडाझोलने तोंडाला धातूची चव येते. रुग्णाला सांगायची गरज उरत नाही. एक औषध गोळी आणि दुसरे सिरप असेल तर प्रत्येकाला एक खरे आणि एक नकली असे दोन्ही द्यावे लागतात. तसे दिले होते का, याचे उत्तर लेखात शोधावे लागते. शीर्षकात ते मिळत नाही.

बाकीचे मुद्दे थोडक्यात, कारण ते आपल्यालाही ठाऊक आहेत. फक्त फॉर्मला नाहीत.

रुग्णसंख्या. आपल्याकडचा लाडका आकडा तीस-तीस. गुंतागुंतीचे प्रमाण २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर येते का हे ८० टक्के खात्रीने पकडायचे असेल, तर प्रत्येक गटात सुमारे २०० रुग्ण लागतात. तीस-तीसमध्ये तो फरक खरा असूनही पाचांतून जेमतेम एकदा पकडता येईल. ‘दोन्ही औषधांत फरक आढळला नाही, म्हणून स्वस्तातले घ्या’ किंवा ‘म्हणून नवेही तितकेच चांगले’ ही दोन्ही वाक्ये तीस-तीसवर उभी करता येत नाहीत.

निकषाची निवड. हृदयविकाराच्या झटक्यानंतर पडणारे अनियमित ठोके दाबणारी औषधे मृत्यू टाळतील असे सगळे धरून चालले होते. कास्ट चाचणीत ठोके दबले आणि माणसे जास्त मेली : औषध घेणाऱ्या ७५५ पैकी ६३, प्लासिबोच्या ७४३ पैकी २६. आपल्या यादीवरच्या किती औषधांमागे रक्ततपासणीचा आकडा सुधारल्याखेरीज काही नाही, हे एकदा मोजून पाहावे.

उपगट. १९८८ च्या आयसिस-२ चाचणीत हृदयविकाराच्या झटक्याचा संशय असलेल्या १७,१८७ रुग्णांवर अ‍ॅस्पिरिनचा फायदा स्पष्ट सिद्ध झाला. संशोधकांनी मग मुद्दाम राशीप्रमाणे गट पाडून दाखवले, तर मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांत फायदा दिसेना! यावर सगळे हसतात. पण ‘साठीपुढच्या मधुमेही स्त्रियांमध्ये विशेष उपयुक्त’ असे घडीपत्रकावर आले की तेच सगळे गंभीर चेहऱ्याने मान डोलावतात. तो उपगट चाचणीआधी ठरलेला होता की आकडे पाहून सुचला, हा एकच प्रश्न विचारायचा असतो.

आणि हे तपासण्याची जागा सर्वांना फुकट उघडी आहे. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, आपली सीटीआरआय, २००७ सालापासून चालू आहे. १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद केली तरच ती स्वीकारली जाते. नोंदीच्या क्रमांकातच वर्ष आणि महिना असतो. तो पहिल्या रुग्णाच्या तारखेशी ताडून पाहायला अर्धे मिनिट लागते. त्याच पानावर मुख्य निकष आणि तो कितव्या आठवड्याला मोजणार ते असते. लेखात बाराव्या आठवड्याची वेदना मुख्य निकष म्हणून मिरवत असेल आणि नोंदीत चोविसाव्या आठवड्याची हालचाल असेल, तर मधल्या काळात काय झाले ते विचारायला नको का? गंमत म्हणजे क्रम कसा काढला आणि कसा लपवला, याचे वेगळे रकाने त्या नोंदीत आहेत. ‘उघडी यादी’, ‘केसपेपर क्रमांक’, ‘एकाआड एक’ हेही पर्याय त्यात आहेत आणि काही जण प्रामाणिकपणे तेच निवडतात. लेख लिहिताना ते वाक्य गळून पडते, पण नोंद तशीच राहते. आपल्या फॉर्मवर सीटीआरआय क्रमांकाची चौकटसुद्धा नाही.

एका आकड्याचा हव्यास किती महागात पडतो ते १९९९ साली पीटर युनी आणि सहकाऱ्यांनी दाखवले. शस्त्रक्रियेनंतर रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिल्या जाणाऱ्या दोन प्रकारच्या हेपॅरिनची तुलना करणाऱ्या १७ चाचण्या त्यांनी घेतल्या आणि २५ वेगवेगळ्या गुणपट्ट्यांनी मोजल्या. काही पट्ट्यांनी ‘चांगल्या’ ठरवलेल्या चाचण्यांत नवे हेपॅरिन सरस नव्हते, तर काही पट्ट्यांनी ‘चांगल्या’ ठरवलेल्यांत ते सरस निघाले. चाचण्या त्याच, पट्टी बदलली की निष्कर्ष बदलला. वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने आपल्या हँडबुकमध्ये अशा पट्ट्या वापरू नका असे म्हटलेय ते याच कारणाने.

राहिला फॉर्म भरणाऱ्याचा प्रश्न. ज्याचे औषध, त्यानेच त्याचा पेपर तपासायचा आणि समितीने फक्त सही करायची! एमआर मंडळींवर, म्हणजे कंपनीच्या विक्री प्रतिनिधींवर, आमचा राग नाही, ते त्यांचे काम चोख करतात. त्यांनी आणलेल्या फाइलमध्ये लेखाची छापील प्रत (रीप्रिंट) असते, लेखाची पुरवणी नसते. प्रोटोकॉल, म्हणजे चाचणी कशी करायची याची आधी लिहिलेली योजना, नसतो. त्याच औषधाची फसलेली दुसरी चाचणी तर नसतेच. जे हातात दिलेच नाही त्याचे गुण कोण कापणार?

वेळ नाही हे आपले कारण खोटे नाही. दर बैठकीला आठ-दहा फाइली येतात आणि सदस्य राउंड संपवून धापा टाकत येतात, हे आम्ही पाहतो. पण आमचा अनुभव असा की पूर्ण तपासणीला प्रत्येक वाचकाचे दीड ते दोन तास लागतात, आणि निम्म्या फाइली तिथपर्यंत पोहोचतच नाहीत. ठाण्याहून वाशीला ट्रान्स-हार्बरने जायला जेवढा अर्धा तास लागतो, तेवढ्यात पहिली चाळणी होते. आधी सीटीआरआयची नोंद : तारीख, मुख्य निकष, क्रम लपवण्याचा रकाना. मग लेखातला रुग्णांच्या प्रवासाचा तक्ता : किती रॅण्डमाइज झाले आणि शेवटच्या हिशेबात किती आले. दोन्ही आकडे जुळत नसतील तर फरक कोणत्या गटात. मग निष्कर्षातले ठळक वाक्य कोणत्या निकषावर उभे आहे. या तीन ठिकाणी अडखळलेली फाइल तिथेच प्रश्न लिहून परत पाठवावी.

उरलेल्यांसाठी २०१९ साली आलेली कोक्रेनची सुधारित पद्धत आहे, आरओबी २. तिच्यात पाच बाबी तपासतात : रॅण्डमायझेशन, ठरलेल्या उपचारापासून झालेली फारकत, न मिळालेली माहिती, निकालाची मोजणी, आणि अनेक निकालांतून सोयीचा निवडला का. प्रत्येक प्रश्नाला हो, बहुधा हो, बहुधा नाही, नाही, किंवा माहिती नाही असे उत्तर, आणि उत्तराशेजारी लेखातले ते वाक्य पान क्रमांकासह. शेवटी त्या निकालापुरता शेरा : धोका कमी, थोडी शंका, किंवा धोका जास्त. बेरीज नाही, सरासरी नाही. एका बाबीत धोका जास्त निघाला तर बाकी चारांतले चांगले वागणे तो भरून काढत नाही. फुटक्या घागरीचे उरलेले चार भाग कितीही मजबूत असले तरी पाणी गळतेच. दोन वाचकांनी एकमेकांशी न बोलता भरायचे, मग समोरासमोर बसून फरक पाहायचे, न मिटलेला फरक तिसऱ्याकडे न्यायचा. ही पद्धत किचकट आहे आणि जाणते वाचकही तिच्यात कधी कधी वेगळी उत्तरे देतात, हे आम्ही लपवत नाही. पण वेगळे उत्तर कुठे आले ते तिच्यात दिसते. पाचपैकी तीनमध्ये काहीच दिसत नाही.

आमच्या मागण्या अशा :

गेल्या महिन्यातले परिपत्रक मागे घ्यावे आणि दोन स्वतंत्र वाचकांची पद्धत पुन्हा सुरू करावी. वाचक रुग्णालयातले असावेत, त्यांनी त्या कंपनीकडून गेल्या तीन वर्षांत मानधन, प्रवास किंवा परिषदेचा खर्च घेतलेला नसावा, आणि तसे लिहून द्यावे.

पुरवठादाराने फॉर्म भरू नये. त्याने मूळ लेख पुरवणीसह, प्रोटोकॉल, संख्याशास्त्रीय विश्लेषणाचा आधी ठरलेला आराखडा, आणि त्या औषधाच्या नोंदलेल्या सर्व चाचण्यांची यादी द्यावी, प्रसिद्ध न झालेल्या चाचण्यांसह. यातले एक जरी नसेल तर फाइल बैठकीत घेऊ नये.

प्रत्येक फाइलला सीटीआरआय किंवा संबंधित देशातल्या नोंदणीच्या पानाची प्रत जोडावी, शेवटचा बदल केल्याच्या तारखेसह.

शेरा चाचणीला न देता निकालाला द्यावा, आणि तो कारणांसह रुग्णालयाच्या सूचनाफलकावर आणि संकेतस्थळावर लावावा. औषध नाकारले तर ते का, हेही.

परिपत्रक निघाल्यापासून या फॉर्मवर जी औषधे यादीत आली, त्यांची फेरतपासणी व्हावी. तोवर ती यादीत ‘तात्पुरती’ म्हणून दाखवावीत. ज्या रुग्णांवर ती सुरू झाली आहेत त्यांचे औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

यासाठी माणसे कमी पडत असतील तर पहिले सहा महिने आमच्यातले चौघे मानधन न घेता वाचनाला येतील आणि आपल्या निवासी डॉक्टरांना शिकवतील. शनिवारी दुपारी दोननंतर, जागा आपण सांगाल ती. चहा आपला.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तीन फाइली आहेत. त्यातल्या दुसऱ्या फाइलमधली चाचणी आम्ही दोन्ही पद्धतींनी तपासली आहे. आपल्या फॉर्मवर तिला चार गुण पडतात. नोंदीत क्रम लपवण्याच्या रकान्यात ‘केसपेपर क्रमांक’ असे लिहिले आहे आणि मुख्य निकष भरती संपल्यानंतर बदललेला आहे. दोन्ही वाचकांचे भरलेले फॉर्म आणि नोंदीची प्रत सोबत जोडली आहे. बैठकीआधी आपण ती एकदा पाहावी एवढी विनंती.

आपले,
ठाणे-नवी मुंबई परिसरातले काही फार्माकोलॉजिस्ट, संख्याशास्त्रज्ञ, क्लिनिकल फार्मासिस्ट आणि ट्रायल को-ऑर्डिनेटर

सोबत : वरीलप्रमाणे, एकूण अकरा पाने